ए डोरियनमधला सोलो सारखा जी वर का अडकत होता

विद्यार्थी तिशीतला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. लहानपणी पेटी शिकलेला, गांधर्वच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिलेल्या. कॉलेजात पेटी माळ्यावर गेली आणि हातात गिटार आली, ती आजतागायत आहे. ऑफिसातल्या काही जणांनी मिळून बँड केला आणि कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात ‘ओये कोमो वा’ वाजवायचं ठरलं. रचना मुळात लॅटिन संगीतकार टीटो प्वेंते यांची, १९६२ सालची. गिटारवाले मात्र ती ओळखतात गिटारवादक सान्तानाच्या १९७० च्या ‘अब्रॅक्सस’ अल्बममुळे. त्यातला सोलो या मुलाच्या वाट्याला आला.

तक्रार त्याच्याच शब्दांत: “सर, स्केल बरोबर आहे, चार ठिकाणी तपासलंय. एकही नोट बाहेरची नाही. तरी सोलो लटकल्यासारखा वाटतो. कीबोर्डवाला म्हणतो, तू शेजारच्या खोलीतलं गाणं वाजवतोयस.”

कीबोर्डवाला टोमणा मारून गेला खरा, पण त्याचा कान चांगला होता. प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण मोड (म्हणजे एकाच स्केलचे सात सूर, पण दर वेळी वेगळा सूर घर धरून) शिकणारे बरेच जण नेमके इथे येऊन थांबतात. पॅटर्न पाठ होतात, नावं पाठ होतात, आणि वाजवल्यावर सातही मोड एकाच मेजर स्केलसारखे ऐकू येतात.

गाण्यात आहे काय

गाणं जवळजवळ सगळं दोन कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांवर) फिरतं: ए मायनर सेव्हन आणि डी नाइन. पहिल्या कॉर्डमध्ये ए, सी, ई, जी. दुसरीत डी, एफ शार्प (एफच्या अर्धा सूर वर), ए, सी, ई. साधा ए मायनर असता, म्हणजे एओलियन, तर चौथ्या सुरावरची कॉर्ड डी मायनर आली असती आणि तिच्यात एफ नॅचरल, म्हणजे साधा एफ, असता. इथे डी वरची कॉर्ड एफ शार्प घेऊन येते. घर, म्हणजे सा, ए; तिसरा सूर मायनर, सातवाही उतरलेला, सहावा मात्र चढा. हा ए डोरियन: ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी.

यात एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही कॉर्ड मिळून सातांपैकी सहाच सूर पक्के करतात. बी दोन्हींतही नाही. म्हणजे बी घ्यायचा की बी फ्लॅट (अर्धा सूर खालचा), हे खालच्या कॉर्ड सांगत नाहीत. गाण्याची चाल आणि वाजवणाऱ्याची समज सांगते. कुणी मुद्दाम बी फ्लॅट लावला तर कॉर्डशी भांडण होणार नाही, फक्त रंग पार बदलेल. या गाण्यात तो रंग मला नको वाटतो. तरी सोलोला बसण्याआधी असा हिशेब मांडून ठेवावा, की कुठले सूर खालून बांधलेले आहेत आणि कुठला आपल्या हातात आहे.

त्याला काय येत होतं

भरपूर येत होतं. सातही मोडचे, प्रत्येक तारेवर तीन सूर असे पॅटर्न हातात पक्के बसलेले. ई फ्लॅट मेजरचा तिसरा मोड कुठला विचारलं, तर श्वास घ्यायच्या आत “जी फ्रिजियन”. मेट्रोनोमवर वेगही चांगला. खोलीच्या भिंतीवर रंगीत तक्ता.

ए डोरियन म्हणजे काय, असं विचारलं. उत्तर आलं, “जी मेजरचा दुसरा मोड.”

व्याख्या खरी आहे, लेखी परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील. पण या वाक्यात ए चं नाव येतच नाही. बोटांना निरोप मिळतो ‘जी मेजर वाजव’, आणि बोटं इमानेइतबारे जी मेजर वाजवतात. जी मेजरमध्ये वर्षानुवर्षं घोटलेली वळणं, जागा, थांबे जसेच्या तसे बाहेर येतात. नोट एकही चुकत नाही आणि तरी गाणं चुकतं.

ही व्याख्या फेकून द्यावी असं मी म्हणत नाही. फ्रेटबोर्डवर सूर कुठे आहेत हे झटकन शोधायला तिच्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. सूर सापडले की मात्र जी ला विसरायचं. हे विसरणं भलतंच कठीण असतं.

रेकॉर्डिंगमधली एक ओळ

तालमीचं रेकॉर्डिंग त्याच्या मोबाइलवर होतं. गिटार बाजूला ठेवायला सांगितली, रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, नुसता सा गुणगुण. क्षणभरही न अडखळता त्याने ए लावला. कान तर ठीक होता. घर कुठे आहे हे गळ्याला कळत होतं, बोटांना कळत नव्हतं.

मग सोलो लागला. त्यात एक ओळ वारंवार येत होती, ती जशीच्या तशी देतो. तिसऱ्या तारेचा चौथा फ्रेट, त्याच तारेचा दुसरा, चौथ्या तारेचा पाचवा, चौथा आणि पुन्हा पाचवा. म्हणजे बी, ए, जी, एफ शार्प, जी. शेवटच्या जी वर लांब, छान व्हायब्राटो (तार हलवून सुराला दिलेला कंप). हात सुरेख होता, शंकाच नाही.

“ही सरगममध्ये म्हण,” म्हटलं.

“ग रे सा नि सा.”

“आणि मघाशी सा कुठे लावलास?”

थोडा वेळ शांतता. मग ए ला सा धरून त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली: रे सा नि॒ ध नि॒. (कोमल स्वराखाली रेघ, भातखंडे पद्धतीप्रमाणे.) म्हणताना शेवटच्या निषादावर तो स्वतःच थबकला, कारण ओळ पुरी झालेली नव्हती. ज्या सुरावर तो ऐटीत व्हायब्राटो देऊन ‘पोहोचलो’ म्हणत होता, तो ऐकणाऱ्याच्या दृष्टीने घराच्या एक पायरी खाली होता. लटकल्यासारखं वाटतं म्हणाला होता ते हेच.

कोमल निषादावर थांबणं गुन्हा नाही. ब्लूजवाले मुद्दाम थांबतात आणि झकास वाटतं. इथे अडचण अशी की प्रत्येक दुसरी ओळ तिथेच थांबत होती, आणि थांबणाऱ्याला आपण सा वर आलो असं वाटत होतं.

त्याच ओळीत दुसरी एक गोष्ट दडली होती. एफ शार्प आला खरा, पण जी कडे ढकलणारा शुद्ध निषाद म्हणून आला. डोरियनला साध्या मायनरपासून वेगळा करणारा सूर तोच, आणि पूर्ण सोलोत तो एकदाही स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही.

मी ओळीला फक्त एक सूर जोडायला सांगितला. बी, ए, जी, एफ शार्प, जी, आणि मग तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट, ए. रे सा नि॒ ध नि॒ सा. बोटांची जागा तीच, पॅटर्न तोच. ओळ जमिनीवर आली.

पेटीवाल्याला समजणारी भाषा

इथे त्याची जुनी पेटी कामाला आली. म्हटलं, गायकाने पांढरी सहाला सा लावलाय, साथीला तू आहेस, तर तू प्रत्येक आलाप पांढरी पाचवर आणून सोडशील का? तो हसला. पेटीवर ही चूक त्याच्याकडून सातव्या इयत्तेतसुद्धा झाली नसती. तिथे सा आधी ठरतो, मग बाकीचे सूर. गिटारवर त्याने उलटं शिकलं होतं: आधी सात सुरांचा आकार, मग त्यातला कितवा सूर पहिला हे नंतर बघू.

म्हणून बॅकिंग ट्रॅक बंद केला आणि तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, ए वर. त्याला सांगितलं की जी मेजरचेच सात सूर वाजव, पण दर थोड्या वेळाने ए वर ये. चार-सहा ओळींत त्याचा चेहरा बदलला. “हा तर काफी.” बरोबर. सा रे ग॒ म प ध नि॒, काफी थाट (राग ज्यात बसवतात तो सात सुरांचा साचा), तोच डोरियन.

हात जराही न हलवता तानपुरा सी वर नेला. तेच सात सूर, आता एफ शार्प तीव्र मध्यम झाला: कल्याण, म्हणजे लिडियन. तानपुरा डी वर: खमाज, म्हणजे मिक्सोलिडियन. ई वर आसावरी, एओलियन. बी वर भैरवी, फ्रिजियन. जी वर आल्यावर बिलावल, आपला नेहमीचा मेजर, आणि इथे त्याची ती जुनी ‘ग रे सा नि सा’ एकदम रुबाबात बसली. बोटं एकाच जागी, पॅटर्न एकच, आणि सहा वेगवेगळे थाट. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात हे त्याने कधीतरी वाचलं होतं, पण ते थिअरीच्या पेपरापुरतं.

भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे. त्यांनी हिंदुस्थानी रागांची मांडणी दहा थाटांत केली, त्यातले सहा पाश्चात्त्य मोडशी स्वरांच्या दृष्टीने तंतोतंत जुळतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार कुठल्याही मेजर स्केलच्या पोटातून निघत नाहीत. सातवा मोड लोक्रियन, त्याला आपल्याकडे थाट नाही, कारण त्यात पंचमच उतरलेला असतो आणि आपला पंचम अचल. गिटारवर सोलो शिकणाऱ्याने लोक्रियनची फार काळजी करू नये. त्या मोडवर आरामात बसून सोलो घ्यायची वेळ क्वचितच येते.

मूर्च्छनेने डोळे उघडतात, पण सोलोसाठी मला त्याहून उपयोगाचा वाटतो तो दुसरा मार्ग: सा हलवायचा नाही, स्वर एकेक करून उतरवायचे. तानपुरा ए वरच. कल्याणपासून सुरुवात. तीव्र मध्यम शुद्ध केला की बिलावल. त्यात निषाद कोमल केला की खमाज. गंधार कोमल केला की काफी. धैवत कोमल केला की आसावरी. रिषभ कोमल केला की भैरवी. दर पायरीला एकच सूर बदलतो, आणि उजेड कमी कमी होत गेल्यासारखा वाटतो. भिंतीवरच्या तक्त्यात हे नातं दिसत नाही, कारण तिथे मोड पहिला ते सातवा असे ओळीने लावलेले असतात आणि शेजारचे दोन मोड कानाला शेजारचे लागत नाहीत. तक्त्यात आयोनियनच्या, म्हणजे मेजरच्या, पुढे डोरियन असतो. कानाच्या हिशेबाने त्या दोघांच्या मध्ये मिक्सोलिडियन बसलेला आहे.

त्याला मी फक्त मधल्या तीन पायऱ्या घोटायला दिल्या, खमाज, काफी, आसावरी. काफी आणि आसावरीत फरक एका धैवताचा. ए ला सा धरला तर तो धैवत म्हणजे एफ शार्प किंवा एफ. डी नाइन कॉर्ड वाजली की तिथे काय लागणार, हे त्याचं त्यालाच उमगलं.

एक इशारा देऊन ठेवला. थाट म्हणजे राग नव्हे. डोरियन वाजवला म्हणजे राग काफी वाजवला असं होत नाही. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, न्यासाच्या, म्हणजे थांबण्याच्या, जागा असतात. काफीतल्या ठुमरीत तर दोन्ही गंधार, दोन्ही निषाद सर्रास येतात. शिवाय गिटारचे फ्रेट समान बारा भागांत पक्के बसवलेले, तिथला कोमल गंधार जागचा हलत नाही, बेंड करून, म्हणजे तार ओढून, वर सरकवला तरच. थाटाचं नाव आपण घेतोय ते कानाला ओळखीची खूण म्हणून.

एफ शार्पची वेळ

घर सापडलं. आता त्या एका सुराचं काय करायचं?

पाचव्या फ्रेटवरचा ए मायनर पेंटॅटॉनिकचा (पाच सुरांच्या स्केलचा) डबा, म्हणजे बोटांचा पॅटर्न, सगळ्यांनाच येतो: ए, सी, डी, ई, जी. आपल्या हिशेबाने सा ग॒ म प नि॒, म्हणजे धानी रागाचे स्वर. या डब्यात रिषभही नाही आणि धैवतही नाही. डोरियन, एओलियन आणि फ्रिजियन यांच्यात फरक करणारे सूर नेमके तेच दोन. म्हणून हा डबा कुठल्याही मायनर गाण्यावर चालतो, आणि म्हणूनच नुसता डबा वाजवला तर मोड कुठला ते कळतच नाही. सुरक्षित आहे, पण मुका आहे.

म्हटलं, सात सूर विसर. डबा धर आणि त्यात एकच सूर वाढव: दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट. त्या तारेवर डब्यात पाचवा फ्रेट आहे (ई) आणि आठवा (जी). मध्ये सातव्यावर एफ शार्प. बस, सहा सूर.

मग वेळेचा नियम. ए मायनर सेव्हन चालू असताना दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर, जी वर ये. कॉर्ड डी नाइनला वळली की त्याच क्षणी एक फ्रेट खाली, सातव्यावर. जी हा पहिल्या कॉर्डचा सातवा सूर, एफ शार्प हा दुसऱ्या कॉर्डचा तिसरा. एवढ्याशा सरकण्यात कॉर्ड बदलल्याचं पूर्ण ऐकू येतं. खाली कीबोर्ड नसला तरी. सरगममध्ये नुसतं नि॒ ध. आणि सी दोन्ही कॉर्डमध्ये आहे, तेव्हा काही सुचलं नाही तर त्याच्यावर टेकून राहता येतं.

गंमत बघा, ज्या जी वर तो आधी अडकून बसायचा, तोच जी आता कामाचा झाला. फरक इतकाच की आता तो वाटेतला सूर होता.

बराच वेळ दोनच सूर वाजवून घेतले. पट्टीच्या वाजवणाऱ्याला हे अपमानास्पद वाटतं, त्यालाही वाटलं. “सर, एवढंच?” एवढंच. पण लूपर (वाजवलेला तुकडा परत परत ऐकवणारं यंत्र) लावून तो तेवढंच वाजवत बसला तेव्हा पहिल्यांदा सोलो त्या गाण्याचा वाटला.

एफ नॅचरलचं काय, हा प्रश्न त्याने विचारलाच. आधी कुणीतरी त्याला ‘मायनर आहे, ए मायनर स्केल मार’ असंही सांगितलं होतं. डी नाइनवर एफ लांबवून धरला तर कॉर्डमधल्या एफ शार्पशी त्याची टक्कर होते, आणि ती कुणालाही टोचेल. पण सहाव्या फ्रेटवरचा एफ धरून किंचित बेंड करत एफ शार्पकडे नेला, तर तीच टक्कर मसाला होते. ब्लूजची अर्धी भाषा अशा सरकण्यावर उभी आहे. म्हणून ‘एफ वर्ज्य’ असा नियम मी करत नाही. ठाण मांडून बसू नये, एवढंच.

ऐकायला दिलं ते जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं. बत्तीस बारचा (चार-चार मात्रांच्या तुकड्यांचा) साचा: सोळा बार डी डोरियन, आठ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी डोरियन. सोळा बार कॉर्डची धावपळ नाही, तेव्हा वाजवणाऱ्याकडे सांगण्यासारखं काय आहे ते उघडं पडतं. सुरुवातीला बास प्रश्न टाकतो आणि बाकीचे वादक दोन कॉर्ड वाजवून उत्तर देतात. त्यातली पहिली कॉर्ड म्हणजे खालून वर ई, ए, डी, जी, बी, म्हणजे गिटारच्या सहावीपासून दुसरीपर्यंतच्या मोकळ्या ताराच की! हे कळल्यावर तो खूश झाला आणि दिवसभर तेच वाजवत होता म्हणे.

त्या गाण्यात ‘कितवा मोड’ या विचाराची परीक्षा होते. डी डोरियन म्हणजे सी मेजरचे सूर, ई फ्लॅट डोरियन म्हणजे डी फ्लॅट मेजरचे. दोन्हींत सामाईक सूर फक्त दोन, सी आणि एफ. सतराव्या बारला ‘डी फ्लॅट मेजर’ आठवत बसलात तर बार निघून जातो. ‘सा एक फ्रेट वर’ एवढंच मनात असलं तर हात आपोआप सरकतो.

काफी जरा जास्तच झाली

पुढच्या खेपेला नवीनच तऱ्हा. काफी सापडल्याच्या आनंदात त्याने सोलोची होरी करून टाकली. लांब मींड (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं), गंधारावर आंदोलन, प्रत्येक ओळ सावकाश सा वर विसावणारी. सूर निर्दोष. पण खाली चा-चा-चा, म्हणजे गाण्याचा नाचाचा ठेका, चालू होता आणि वर फाल्गुनातली बैठक. त्याची साथ करणारा बासवाला म्हणे मध्येच वाजवायचा थांबला होता.

मला यात आक्षेपार्ह काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर ऐकायला गोड होतं. पण गाणं नाचायचं आहे. मोडने सूर कुठले ते सांगितलं, घर सांगितलं. केव्हा बोलायचं आणि किती, हे तालाकडून शिकायला लागतं. तेव्हा गिटार खाली ठेवून टाळ्या. चा-चा-चाचा ठेका हाताने, आणि तोंडाने ओळ. जी ओळ टाळी न चुकवता म्हणता येत नाही ती वाजवायची नाही, असा दंडक. त्याच्या निम्म्या ओळी इथेच गळाल्या. उरलेल्या छोट्या होत्या, मध्ये मोकळी जागा असलेल्या, आणि त्या मोकळ्या जागेत पर्कशन ऐकू येऊ लागला.

एक गोष्ट मी बदलू दिली नाही. कोमल गंधारावरचा त्याचा हलका बेंड. पेटीवर मींड निघत नाही म्हणून लहानपणी तो जे नुसतं गळ्याने करायचा, ते गिटारवर आता हाताने निघत होतं. सी वरचा तो बेंड कुठल्या व्हिडिओत पाहून शिकलेला नव्हता आणि या गाण्यात फिटही बसत होता.

तालमीत बासवाल्याने डी धरला

शेवटच्या तालमीला मी गेलो होतो. सोलोच्या दुसऱ्या फेरीत बासवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने ए सोडला आणि डी वरच ठाण मांडलं. कीबोर्डवालाही डी नाइनवर थांबला. चार-आठ बार नुसता डी.

आता हेच सात सूर, पण घर डी. डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी: डी मिक्सोलिडियन, खमाज. सोलोवाल्याने काहीही न करता मोड बदलला होता; बदलला तो खालच्या माणसाने. अशा दोन कॉर्डच्या गाण्यांत घर ए की डी हा वाद गिटारवाले हिरिरीने घालतात. मूळ गाण्यापुरतं मला ए स्पष्ट ऐकू येतं, पण बास डी वर बसला की वादाला जागा उरत नाही.

पहिली ओळ त्याने सवयीने वाजवली: रे सा नि॒ ध नि॒ सा, ए वर येऊन थांबणारी. डी च्या दृष्टीने ती पंचमावर थांबली. वाईट नाही, पण उघडी राहिली. त्याच्या भुवया वर गेल्या. ऐकू गेलं होतं. पुढच्या ओळीत तो बी, ए, जी, एफ शार्प असा उतरला, चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरच्या एफ शार्पवर थांबला, आता तो शुद्ध गंधार होता, आणि तिथून ई घेऊन खाली मोकळ्या चौथ्या तारेवर, डी वर, आला. ध प म ग रे सा. पॅटर्न आठवायला, तक्ता आठवायला वेळच नव्हता. बासवाला मान डोलावून पुन्हा ए वर गेला आणि हाही त्याच्या मागोमाग.

कार्यक्रम पार पडला, सोलो बरा झाला असं तो सांगतो. रेकॉर्डिंग मी ऐकलंय. ओळी घरी येतात, डी नाइनवरचा एफ शार्प खणखणीत आहे. दोन दोष शिल्लक आहेत. एक म्हणजे घाई: कॉर्ड बदलायच्या अर्धी मात्रा आधीच तो जी वरून एफ शार्पवर उतरतो, त्यामुळे ए मायनर सेव्हनच्या शेपटीवर तो सूर उगाच येऊन पडतो. मुद्दाम केलं तर याला अँटिसिपेशन म्हणता येईल. तो मुद्दाम करत नाहीये. दुसरं, रिषभाला तो अजून घाबरतो. बी फक्त उतरताना येतो, चढताना कधीच नाही, आणि पहिल्या तारेवरचा सातवा फ्रेट तर पूर्ण सोलोत कोरा आहे.

त्यावर सध्या काम चालू आहे. अँप्लिफायर बंद, मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, एका बारमध्ये एकच सूर, आणि तो सूर कॉर्ड बदलल्यावरच. पुढचं गाणं त्यांनी जी मायनर सेव्हन आणि सी सेव्हनचं निवडलंय. नव्या गाण्याची स्केल कुठली, असं विचारायला त्याचा फोन आला होता. पण बोलता बोलता आधी त्याने सा लावला, आणि मग प्रश्न न विचारताच फोन ठेवला.